बॉनहॅम की पीअर्ट? आधी गाण्यातून ड्रमर काढून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्र म्हणतो रॉकमधला सर्वांत मोठा ड्रमर रश या गटाचा नील पीअर्ट, तुम्ही म्हणता लेड झेपलिनचा जॉन बॉनहॅम. वाद यूट्यूबवर नेला की तिथे दोघांपेक्षाही जलद वाजवणारी पंधरा वर्षांची मुलं सापडतात आणि भांडणाचा निकाल लागत नाही. मग मोठेपणा मोजायचा कशावर? (एक किरकोळ दुरुस्ती. तुम्ही 'पर्ट' लिहिलंय, उच्चार 'पीअर्ट' असा आहे. मित्रासमोर एवढं तरी बरोबर म्हणा.)

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: बॉनहॅम. पण तुमचा मित्र चुकतोय असं मला वाटत नाही. तुम्ही दोघं दोन वेगळी कामं मोजताय. तबल्याचंच उदाहरण घ्या. एकल वादनात आपण कायदा, रेला, चक्रदार बघतो. बोल किती स्वच्छ, तयारी किती, गणित किती अवघड. तोच वादक ख्यालाच्या साथीला बसला की विलंबित एकतालात त्याने ठेका कसा भरला, गायिकेला सम कशी आणून दिली, कुठे गप्प राहिला, हे बघतो. रॉकमधला ड्रमर जवळजवळ सगळा वेळ साथीलाच बसलेला असतो. त्याला एकल वादनाची मोजपट्टी लावली की वेगवान मुलं जिंकणार हे ठरलेलंच.

म्हणून मी प्रश्न बदलून विचारतो. गाण्यातून हा माणूस उठवला आणि त्याच जागी तितक्याच तयारीचा दुसरा वादक बसवला, तर गाणं किती बदलेल?

वेग पूर्ण बाजूला ठेवा असं मी म्हणत नाही. वेग ही अट आहे, गुण नाही. गाण्याला लागतो तेवढा असला की पुढचा जास्तीचा वेग ऐकणाऱ्याला मिळतच नाही. शिवाय आजच्या व्हिडिओंवर आणि ध्वनिमुद्रणांवर किती विश्वास ठेवायचा हाही प्रश्नच आहे. संगणकावर प्रत्येक ठोका उचलून नेमक्या मात्रांच्या जाळीवर नेऊन बसवता येतो, मऊ पडलेल्या ठोक्याच्या जागी ठणठणीत ठोका चिकटवता येतो. तुलना करायचीच असेल तर मैफिलीत ध्वनिमुद्रित झालेलं ऐका. इयान पेससाठी डीप पर्पलचा १९७२चा 'मेड इन जपान', बॉनहॅमसाठी १९७२ मध्येच वाजलेला पण २००३ मध्ये बाहेर आलेला 'हाउ द वेस्ट वॉज वन'. आणि हल्ली ॲपने गाण्यातून 'फक्त ड्रम्स' वेगळे काढून मिळतात, त्यावर निकाल देऊ नका. त्या प्रक्रियेत सर्वांत आधी मरतात ते स्नेअरवरचे (करकरीत आवाजाच्या छोट्या ड्रमवरचे) हलके ठोके, ज्यांना आम्ही घोस्ट नोट म्हणतो, आणि सिंबलची, म्हणजे झांजेची, शेपूट. म्हणजे वादकाचा हात जिथे कळतो नेमकं तेच जातं.

ऐकायचं कसं ते सांगतो. एक गाणं घ्या आणि चार वेळा ऐका. पहिल्यांदा फक्त किक, म्हणजे पायाने वाजणारा बेस ड्रम; ती बास गिटारच्या स्वरांबरोबर पडते की त्यांच्या मधल्या जागा भरते ते बघा. दुसऱ्यांदा फक्त हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) किंवा राइड (ठेका धरायची मोठी झांज). सगळे ठोके सारख्या जोराचे आहेत की त्यात लहानमोठा झोका आहे? तिसऱ्यांदा दोन आणि चारच्या मात्रेवर टाळी द्या आणि स्नेअर तुमच्या टाळीच्या कणभर आधी येते, बरोबर येते की कणभर मागे रेलते ते पाहा. चौथ्यांदा फक्त फिल्स, म्हणजे ओळींच्या मधल्या जागा भरणारे छोटे तुकडे, ऐका, पण फिल किती भारी यापेक्षा ती संपल्यावर पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा कशी पडते याकडे कान द्या. कच्चा वादक ओळखू येतो तो इथेच. फिलमध्ये तो धावतो आणि सम लवकर येते. फोनवर टॅप करून वेग मोजणारं ॲप असतं, त्याने गाण्याच्या सुरुवातीचा आणि शेवटचा वेग मोजा. कोरसमध्ये मिनिटाला दोन-चार ठोके वाढले तर तो दोष मानू नका, माणसं एकत्र वाजवताना तसं होतंच. दोष म्हणजे प्रत्येक फिलनंतर वाढणारा वेग.

आता बॉनहॅम. लेड झेपलिनच्या १९६९च्या पहिल्या अल्बममधलं पहिलंच गाणं, 'गुड टाइम्स बॅड टाइम्स', लावा. एका मात्रेचे सहा बारीक भाग करा, तीन-तीनचे दोन गट. गटातला पहिला ठोका हाताचा, पुढचे दोन किकचे. गाण्याचा वेग मिनिटाला साधारण ९४ मात्रा, म्हणजे किकच्या त्या दोन ठोक्यांमध्ये जेमतेम एक दशांश सेकंद. आणि हे एकाच पेडलवर, एकाच पायाने. त्याच्या ओळखीच्या लुडविग सेटमधला किक ड्रम २६ इंची. आज रॉकसाठी सर्रास २२ इंची वापरतात. ड्रम मोठा असला की त्यावर ताणलेलं पान सावकाश परत उसळतं, त्यामुळे जोडठोका आणखी अवघड होतो.

शिकणाऱ्यांचं इथे काय चुकतं? पहिला ठोका दणदणीत येतो आणि दुसरा फुसका. कारण दोन्ही ठोके ते घोट्यातून, दोन स्वतंत्र हालचाली म्हणून काढायला जातात. टाच उचललेली ठेवून, पहिल्या ठोक्याबरोबर चवडा पेडलवर बोटभर पुढे सरकू दिला तर एकाच हालचालीत दोन ठोके निघतात. स्टूल फार खाली असेल तर मांडीला आधारच मिळत नाही. गुडघा कमरेपेक्षा किंचित खाली राहील एवढी उंची ठेवा. मेट्रोनोम ५५ला लावून दोन्ही ठोके सारख्या आवाजाचे येईपर्यंत वेग वाढवू नका. डबल पेडल घेऊन हे सहज वाजतं, नाही असं नाही, पण बहुतेक वेळा सपाट ऐकू येतं. बॉनहॅमच्या जोडठोक्याला किंचित उडी आहे आणि तरीही दुसरा ठोका पहिल्याइतकाच भरीव आहे.

पण एवढ्यावर मी त्याला पहिला नंबर दिला नसता. पाय तयार असलेले पुष्कळ आहेत. माझं मत ठरतं ते १९७१च्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'वर. हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात ड्रमसेट जिन्याखालच्या प्रवेशदालनात ठेवला होता आणि इंजिनिअर अँडी जॉन्सने वर जिन्यातून दोन बायरडायनॅमिक एम १६० माइक खाली सोडले होते. किकला वेगळा माइक नाही, स्नेअरला नाही. आवाज पुढे बिन्सनच्या एको यंत्रातून आणि कॉम्प्रेसरमधून, म्हणजे लहानमोठ्या आवाजांतला फरक कमी करणाऱ्या यंत्रातून, गेला. लोक म्हणतात, मग हा खोलीचा चमत्कार झाला, वादकाचा काय? उलट बघा. प्रत्येक ड्रमला वेगळा माइक असतो तेव्हा हाय-हॅट जास्त झाली तर इंजिनिअर ती कमी करतो. लांबून दोनच माइक असले की काहीच कमी करता येत नाही. हाय-हॅट नेहमीच्या जोराने बडवली असती तर कॉम्प्रेसरने तीच उचलून धरली असती आणि किक-स्नेअर तिच्याखाली गाडली गेली असती. त्या गाण्यात किक आणि स्नेअर डोंगराएवढी आहे आणि हाय-हॅट तिच्या जागेवर आहे. हा समतोल हातापायांनी साधलेला आहे. 'बॉनहॅम म्हणजे जोरात वाजवणं' असं समजणाऱ्यांनी हे एकदा नीट ऐकावं. तो किक आणि स्नेअर जोरात वाजवतो. बाकीचं कुठे दाबायचं हे त्याला कळतं.

हाच सेट, हीच खोली, हेच माइक लावले तरी दुसऱ्याकडून ते येत नाही. याचा पुरावा म्हणजे लोकांनी तो ठेका पुन्हा वाजवण्याऐवजी उचलून वापरला. बीस्टी बॉइज या हिप-हॉप गटाने १९८६ मध्ये आपल्या पहिल्या अल्बमची सुरुवातच त्याने केली.

आता तुमच्या मित्राची बाजू. ती कमजोर नाही. पीअर्ट १९७४ मध्ये रशमध्ये आला आणि ड्रम्सचा भाग हा आधी रचलेला, पक्का बसवलेला भाग असू शकतो हे त्याने रॉकच्या श्रोत्यांच्या गळी उतरवलं. १९८१च्या 'टॉम सॉयर'मध्ये हाय-हॅटवरचे मात्रेला चार ठोके तो एकाच हाताने वाजवतो. वेग ८८च्या आसपास, म्हणजे एका हाताचे मिनिटाला साडेतीनशे ठोके. मधला भाग सातच्या हिशेबात जातो आणि तिथल्या फिल्स इतक्या घोटीव आहेत की हजारो लोक मैफिलीत त्या हवेत जशाच्या तशा वाजवायचे.

त्याच अल्बममधलं 'वाय वाय झेड' आपल्याकडच्या श्रोत्याला विशेष आवडावं. टोरांटो विमानतळाच्या संकेताक्षरांचा मोर्स कोड हाच त्याचा ठेका. डॅशला दोन बारीक मात्रा, डॉटला एक. वाय म्हणजे डॅश-डॉट-डॅश-डॅश, झाल्या सात. पुन्हा वाय, आणखी सात. झेड म्हणजे डॅश-डॅश-डॉट-डॉट, सहा. एकूण वीस, म्हणजे दहाचं आवर्तन. झपतालही दहाचाच, पण त्याची वाटणी दोन-तीन-दोन-तीन अशी, इथे सात-सात-सहा. झपतालाच्या टाळ्या देऊन बघा, तिसऱ्या आवर्तनापर्यंत डोकं गरगरेल.

'ड्रमर उठवून बघा' या कसोटीला पीअर्ट उतरतो, कारण रशच्या गाण्यांचा सांगाडाच त्याने बांधलेला आहे. शब्दही बहुतेक त्याचेच. शिवाय जगभर नाव झाल्यावर १९९०च्या दशकाच्या मध्यात तो फ्रेडी ग्रुबर या शिक्षकाकडे पुन्हा शिकायला बसला आणि स्टिक धरायची पद्धत, सेटची मांडणी सगळं बदललं.

मग बॉनहॅम वर का? कारण पीअर्टचं वादन कागदावर उतरवलं तर बरंचसं उतरतं. मेहनती विद्यार्थी ते वर्ष-दीड वर्षात वाजवू शकतो आणि ऐकणारा म्हणतो, हो, हेच ते. 'लेव्ही'चा ठेका कागदावर उतरवायला एक ओळ पुरते, नवशिक्यालाही ती वाचता येते, आणि कुणाकडूनही ती तशी वाजत नाही. जे लिहिता येत नाही ते माझ्या लेखी साथीमधलं मोठेपण. तुमच्या मित्राच्या लेखी रचना मोठी असेल, तर त्याच्या यादीत पीअर्टच पहिला असायला हवा आणि त्यात तर्काची काही चूक नाही.

आता बाकीचे, कारण वाद दोघांपुरता ठेवला तर फार काही निसटतं. रोलिंग स्टोन मासिकाची २०१६ची यादी तुम्ही पाहिली असेलच: बॉनहॅम पहिला, कीथ मून दुसरा, जिंजर बेकर तिसरा, पीअर्ट चौथा. पाचव्या क्रमांकावर हॅल ब्लेन हा स्टुडिओतला माणूस, सातव्यावर जॅझचा जीन क्रुपा. म्हणजे रॉकची यादी म्हणून ती धरताच येत नाही. ब्लेनचं नाव मात्र लक्षात ठेवा. साठच्या दशकातल्या लॉस एंजेलिसच्या कितीतरी गाण्यांवर गटाच्या ड्रमरऐवजी तो वाजवत असे. बर्ड्सचं 'मिस्टर टँबरीन मॅन' त्यातलंच. अल्बमच्या मुखपृष्ठावरचा चेहरा पाहून वाद घालण्याआधी आत वाजवलंय कुणी ते तपासा.

मूनबद्दल नेहमीची तक्रार असते की त्याची लय कच्ची होती. द हूच्या १९७१च्या 'वोन्ट गेट फूल्ड अगेन'मध्ये तो आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या, यंत्रासारख्या चालणाऱ्या सिंथेसायझरबरोबर वाजवतो आणि साडेआठ मिनिटं जागा सोडत नाही. तेव्हा ती तक्रार खोटी. वेगळेपण हे की बरीच वर्षं त्याने हाय-हॅट जवळपास वापरलीच नाही. ठेका धरण्याऐवजी तो गायकाच्या ओळीबरोबर आणि गिटारबरोबर टॉम (सेटमधले इतर ड्रम) आणि सिंबलवर फिरत राहतो. हे चालतं कारण ठेक्याची जबाबदारी पीट टाउनसेंडची गिटार घेते. दुसऱ्या कुठल्याही गटात मून बसवला असता तर आठवड्यात हाकलला असता. द हूमधून त्याला उठवला तर गाणी ओळखू येणार नाहीत. माझ्या कसोटीत त्याला पूर्ण गुण, पण एकाच घरात.

रिंगो स्टारवर हसणाऱ्यांना एकच सांगा. 'तो बीटल्समधलासुद्धा सर्वांत चांगला ड्रमर नव्हता' हे वाक्य जॉन लेननच्या नावावर खपवतात. लेनन तसं म्हणाल्याची कुठेही नोंद नाही, ते नंतरच्या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमांतून पसरलं. रिंगो डावखुरा आणि सेट उजव्या हाताच्या माणसाचा. टॉमवरून फिरताना त्याचा पुढचा हात डावा असतो, त्यामुळे त्याच्या फिल्स किंचित अडखळल्यासारख्या, मधेच श्वास घेतल्यासारख्या येतात. 'रेन' आणि 'कम टुगेदर' ऐका. 'कम टुगेदर'चा टॉमवरून उतरणारा ठेका काढून तिथे नेहमीचा बूम-चाक बूम-चाक लावून पाहा. गाणं तिथेच बसतं.

रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सचं तर आणखी साधं. दोन आणि चारवर स्नेअर मारताना तो हाय-हॅटवरचा हात उचलून घेतो, ठोकाच देत नाही. वाचायला क्षुल्लक वाटतं. पण त्यामुळे स्नेअर एकटी, उघडी ऐकू येते आणि प्रत्येक मात्रेत किंचित झोका येतो. घरी दोन मिनिटं तसं वाजवून बघा. नेहमीच्या सवयीने उजवा हात पुन्हा पुन्हा खाली येईल.

टोटोच्या जेफ पोर्कारोचं नाव तुमच्या वादात आलेलं दिसत नाही, ते यायला हवं. १९८२च्या 'रोझॅना'चा ठेका असा: चार मात्रा, प्रत्येकीचे तीन भाग. हाय-हॅट पहिल्या आणि तिसऱ्या भागावर, मधल्या भागावर स्नेअरचा घोस्ट नोट, इतका हलका की स्टिक पानापासून दोन बोटांपेक्षा वर जात नाही. खरा मोठा ठोका फक्त तिसऱ्या मात्रेवर. ड्रमर बर्नार्ड पर्डीचा शफल (झोकदार तिहेरी ठेका) आणि बॉनहॅमचा 'फूल इन द रेन'मधला ठेका एकत्र करून, त्याखाली किकने रॉक-अँड-रोल गायक बो डिडलीची ठेक्याची चाल धरून हे बनवल्याचं त्याने स्वतःच समजावून सांगितलं होतं. बिघडतं कुठे? घोस्ट नोट मोठे झाले की सगळं खडखडायला लागतं. मोठा ठोका आणि त्याच्या शेजारचा हलका ठोका यांच्यात वीसपट फरक ठेवायचाय असं समजून सराव करा.

मेटलची यादी वेगळी करा, इथे मिसळू नका. स्लेअरच्या 'रेन इन ब्लड'मधला डेव्ह लोंबार्डो आणि टूलचा डॅनी कॅरी ही दोन नावं तिथे वर राहतील. कॅरी आलोक दत्त यांच्याकडे तबला शिकलाय आणि ते त्याच्या वादनात ऐकू येतं. दुसऱ्या टोकाला व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची मो टकर. उभी राहून, मॅलेटने (मऊ डोक्याच्या काठीने), सिंबल जवळजवळ न वापरता वाजवणारी. तिची तयारी बेताची म्हणून यादीतून काढणारे पुष्कळ आहेत. तिच्या जागी तयार हाताचा वादक बसवला तर तो गट सामान्य गटांपैकी एक होईल, हे त्यांना सुचत नाही.

राहिला पुरावा. 'ड्रमर उठवून बघा' ही माझी कसोटी हवेतली वाटत असेल तर लेड झेपलिनच्या बाबतीत तो प्रयोग झालेला आहे, आणि तोही मुंबईत. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' ज्या १९७१च्या अल्बमवर आहे त्याच अल्बमवर 'फोर स्टिक्स' नावाचं गाणं आहे. पाच आणि सहाच्या गटांत फिरणारं. बॉनहॅम त्यात दोन्ही हातांत दोन-दोन स्टिक घेऊन वाजवतो, नाव त्यावरूनच. १९७२ मध्ये गटाचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले तेव्हा त्यांनी इथल्या वादकांना घेऊन हेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. बॉनहॅम बरोबर नव्हता. ते ध्वनिमुद्रण २०१५ मध्ये लेड झेपलिनच्या 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आलं.

दोन्ही एकामागून एक ऐका, हेडफोन लावून, मघाच्या चार फेऱ्यांनी. मुंबईच्या वादकांमध्ये काही कमी नाही. चाल तीच, गिटारची ओळखीची आकृती तीच. पण मूळ गाण्यात जी चिडकी, खाली दाबत जाणारी ओढ आहे ती तिथे नाही. ते मोकळं, प्रसन्न, दुसरंच काही झालंय. हे आधी स्वतः ऐका, मग मित्राला ऐकवा, आणि मग त्याच्याकडे रशचा असा एखादा पुरावा मागा.